कुलूपबंद इतिहास आणि उघडी कवाडे

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात दोन गोष्टी आवर्जून होतात. ज्यांनी पाया घातला त्यांचे कृतज्ञ स्मरण होते आणि पुढील कार्याचा संकल्प सोडला जातो. या दोहोंना जोडणारी तिसरी गोष्ट मात्र पुष्कळदा राहून जाते. ती म्हणजे पन्नास वर्षांच्या वह्या, इतिवृत्ते, पत्रव्यवहार, छायाचित्रे आणि आठवणी यांची व्यवस्था. संस्थापकांच्या तसबिरीला हार घातला जातो, पण त्यांच्या हस्ताक्षरातील सभेची वही कोणत्या कपाटात आहे, हे सांगणारा कोणी सापडत नाही. आजचा विषय या तिसऱ्या गोष्टीचा आहे. सार्वजनिक कार्य करणाऱ्यांच्या कागदपत्रांवर हक्क कोणाचा, ती जपावीत कशी, आणि जपून झाल्यावर ती लोकांपुढे ठेवावीत की कुलपात, असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा कायद्याने विचार करून त्याची रीतसर व्यवस्था लावणाऱ्या देशांत अमेरिकेचे नाव प्रथम घ्यावे लागते. तेथे राष्ट्राध्यक्षांच्या नावाने ग्रंथालय व संग्रहालय उभारण्याची पद्धत आहे. 'ग्रंथालय' हा शब्द येथे थोडा फसवा आहे. छापील पुस्तके तेथे असतातच, पण मुख्य ठेवा असतो तो त्या अध्यक्षाच्या कारकिर्दीतील मूळ कागदपत्रांचा. पत्रे, टिपणे, भाषणांचे खर्डे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि देशोदेशींहून आलेल्या भेटवस्तू असा हा संग्रह असतो. अभ्यासकांसाठी वाचनकक्ष आणि सर्वसामान्य नागरिकांसाठी प्रदर्शन अशी दुहेरी सोय तेथे असते.

पूर्वी तेथे अशी पद्धत नव्हती. अध्यक्ष पायउतार झाला की आपले कागद घरी घेऊन जात असे आणि पुढे ते वारसांच्या मर्जीवर राहत. अब्राहम लिंकन यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांची हत्या १८६५ साली झाली. कागद पुत्राकडे गेले. पुत्राने ते राष्ट्रीय ग्रंथालयाच्या स्वाधीन केले खरे, पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते उघडू नयेत, अशी अट घातली. पुत्राचे निधन १९२६ साली झाले आणि कागद खुले झाले १९४७ साली. ज्या पुरुषाने गुलामगिरीच्या प्रश्नावर राष्ट्र एकसंध राखले, त्याचा पत्रव्यवहार वाचण्यासाठी त्याच्या देशवासीयांना ब्याऐंशी वर्षे थांबावे लागले.

ही रीत मोडली ती फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. आपले कागद ही आपली खासगी मालमत्ता नसून राष्ट्राचा ठेवा आहे, ही भूमिका त्यांनी पदावर असतानाच घेतली. हडसन नदीकाठच्या हाइड पार्क या आपल्या गावी कुटुंबाची जमीन दिली, इमारतीसाठी लोकांकडून देणग्या घेतल्या आणि तयार वास्तू कागदपत्रांसह राष्ट्रीय अभिलेखागाराच्या हवाली केली. ३० जून १९४१ रोजी या ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. युरोपात महायुद्ध पेटलेले होते आणि अमेरिकाही त्यात ओढली जाण्याच्या बेतात होती. अशा काळात राष्ट्रप्रमुखाला भावी पिढ्यांच्या वाचनाची चिंता वाटावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आज तेथे सुमारे १ कोटी ७० लाख पानांचा संग्रह आहे. खासगी देणगीतून वास्तू आणि शासनाकडून देखभाल, असा हा संयोग होता. धर्मशाळा, पाठशाळा व ग्रंथालये उभारणाऱ्या आपल्या समाजाला तो परका वाटू नये.

रूझवेल्ट यांनी स्वेच्छेने केले ते १९५५ च्या कायद्याने इतरांसाठी सुकर झाले. पण स्वेच्छा किती दिवस पुरणार? १९७४ साली अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणात राजीनामा द्यावा लागला, तेव्हा कागद आणि ध्वनिफिती कोणाच्या, हा वाद उभा राहिला. तो कायदेमंडळात आणि न्यायालयात गेला. त्यातून १९७८ चा कायदा झाला. त्यानुसार १९८१ पासून पदावर येणाऱ्या प्रत्येक अध्यक्षाचे शासकीय कागद ही जनतेची मालमत्ता ठरली. त्यातही विवेक आहे. सर्व काही दुसऱ्याच दिवशी उघडे करावे, असे तो कायदा म्हणत नाही. नाजूक स्वरूपाची काही कागदपत्रे बारा वर्षांपर्यंत राखून ठेवता येतात. बंदी असली तरी तिला मुदत आहे, हा यातील महत्त्वाचा भाग आहे.

निक्सन यांच्या नावाचे ग्रंथालय कॅलिफोर्नियात १९९० साली खासगी संस्थेने उघडले. वॉटरगेट प्रकरणाची बाजू तेथे बरीच सावरून मांडलेली होती. २००७ साली ती संस्था राष्ट्रीय अभिलेखागाराच्या व्यवस्थेत आली आणि २०११ साली त्या प्रकरणाचे नवे, पुराव्यांवर आधारलेले प्रदर्शन तेथे लागले. ज्याच्या नावाची पाटी दारावर आहे, त्याची चूकही आतील दालनात स्वच्छ दिसते. स्मारक आणि इतिहास यांतील फरक येथे कळतो. स्मारक आदर निर्माण करते. इतिहास विश्वास निर्माण करतो, आणि आदर टिकण्यासाठीही शेवटी विश्वासच लागतो.

आपल्या देशाकडे वळल्यास, पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर त्यांचे दिल्लीतील तीन मूर्ती हे निवासस्थान १९६४ सालीच संग्रहालय म्हणून लोकांना खुले झाले आणि तेथे आधुनिक भारताच्या इतिहासाचे मोठे ग्रंथालय व हस्तलिखित-संग्रह उभा राहिला. त्याच परिसरात १४ एप्रिल २०२२ रोजी सर्व पंतप्रधानांच्या कारकिर्दीचे दर्शन घडविणारे संग्रहालय सुरू झाले. राष्ट्रपती भवन ही तर एके काळी इंग्रज व्हाइसरॉयची ३४० खोल्यांची वास्तू. सामान्य माणसाने ती दुरूनच पाहायची. तेथील जुने घोड्यांचे तबेले आणि मोटारींचे गॅरेज यांचे रूपांतर करून संग्रहालय उभारण्यात आले. त्याचा पहिला टप्पा जुलै २०१४ मध्ये आणि दुसरा जुलै २०१६ मध्ये पूर्ण झाला. राष्ट्रपतींना मिळालेल्या भेटवस्तू आता शाळकरी मुले पाहू शकतात. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे स्मारक रामेश्वरम येथे २०१७ साली त्यांच्या द्वितीय पुण्यतिथीला लोकार्पित झाले. भेट व्यक्तीला दिसत असली तरी ती पदाला मिळालेली असते आणि पद लोकांचे असते, हा विचार आपल्याकडेही रुजू लागला आहे.

पण वेळेवर व्यवस्था न झाल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्या विदर्भाशी जोडलेले आहे. राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील अलीपूर मार्गावरील निवासस्थानी झाले. त्यांच्या मागे पेट्या भरून अप्रकाशित लेखन राहिले. त्याच्या ताब्याचे प्रश्न न्यायालयीन व्यवस्थेत अडकले. पुढे त्या घराची मालकी बदलली आणि १९६७ साली तेथे उरलेले पुष्कळसे कागद खोल्यांतून बाहेर काढले गेले व पावसात भिजून नष्ट झाले. जे गेले त्यात नेमके काय होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. या हानीला कोणाचे वैर कारण झाले नाही. कागद कोणाचे आणि जबाबदारी कोणाची, हे वेळेवर ठरले नाही, एवढेच कारण पुरे झाले.

जे वाचले ते पुढे आले याचे मोठे श्रेय नागपूरच्या वसंत मून यांना जाते. महसूल खात्यातील हा अधिकारी महाराष्ट्र शासनाच्या प्रकाशन समितीच्या कामाला लागला आणि १४ एप्रिल १९७९ रोजी बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. टंकलिखित पाने जुळवणे, गहाळ प्रकरणांचा माग काढणे, एकाच लेखाच्या दोन खर्ड्यांतील फरक पाहणे हे काम त्यांनी २००२ मध्ये निधन होईपर्यंत चालविले. आज जगातील कोणताही अभ्यासक बाबासाहेबांविषयी लिहू लागला, तर त्याला या खंडांपाशी यावे लागते. नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र आणि नित्य वापरातील वस्तू आहेत. त्यांचे निकटचे सहायक नानकचंद रत्तू यांच्या निष्ठेमुळे त्या वस्तू टिकल्या. मात्र वस्तू कपाटात ठेवल्याने आपोआप टिकत नाहीत. कापड घडीवर प्रथम विरते, लोकरीला कसर लागते आणि कागदाला वाळवी. म्हणूनच तेथील वस्तूंवर तज्ज्ञांकडून रासायनिक प्रक्रिया करून घ्यावी लागली. जतन ही एकदा करून मोकळे होण्याची गोष्ट नाही. तो दरवर्षीचा खर्च आहे आणि अंदाजपत्रकात त्याचे स्वतंत्र खाते असावे लागते.

येथवर पाहिले ते न जपल्याचे नुकसान. जपले, पण उघडले नाही, तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर आपल्या जैन समाजाच्याच इतिहासात आहे.

गिरनारच्या गुंफेत आचार्य धरसेन यांनी आचार्य पुष्पदंत आणि आचार्य भूतबली यांना दिलेले श्रुतज्ञान 'षट्खंडागम' या ग्रंथात निबद्ध झाले. त्यावर आचार्य वीरसेन यांनी नवव्या शतकात 'धवला' ही विशाल टीका रचली. या ग्रंथाच्या जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्र-प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथील सिद्धांत बसदीत शतकानुशतके सुरक्षित राहिल्या. जे इतरत्र लुप्त झाले ते तेथे वाचले, याबद्दल त्या भट्टारक परंपरेचे ऋण कधीही फिटणार नाही. पण दीर्घ काळ त्या प्रतींचे केवळ दर्शन होत असे. यात्रेकरू वंदन करीत, वाचीत कोणी नसे. ज्ञान पूजेचा विषय झाले होते आणि अध्ययनाचा विषय उरले नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी या ग्रंथाच्या प्रतिलिपी करण्याचा पुढाकार घेतला. हे दोघे व्यापारी होते. पंडितांनी जुन्या कन्नड लिपीतून नागरीत व आधुनिक कन्नड लिपीत नक्कल करण्याचे काम जवळजवळ पाव शतक केले. तरीही त्या प्रती मठाबाहेर नेण्याची मोकळीक नव्हती. तेव्हा प्रतिलिपीकारांपैकी एक, पंडित गजपती शास्त्री यांनी पत्नीच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक प्रत तयार केली. ती सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून पुढे ठिकठिकाणी प्रती झाल्या. त्यांतील काही आपल्या वऱ्हाडात आल्या. अमरावतीच्या महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी विद्वानांच्या सहकार्याने हिंदी अनुवादासह संपादन हाती घेतले आणि १९३९ साली अमरावतीहून धवलेचा पहिला भाग छापून बाहेर पडला. सोळा भागांचे हे काम दोन दशके चालले. आनंदाची गोष्ट अशी की, प्रकाशनाचा शुद्ध हेतू पटल्यावर पुढे मूडबिद्रीहूनही मूळ ताडपत्रांशी पाठ पडताळून देण्याचे सहकार्य मिळाले. विश्वासाने उघडलेल्या दाराने मूळ ग्रंथाचे पावित्र्य तिळमात्र कमी झाले नाही. उलट अशुद्ध नकलांतील चुका दूर झाल्या.

याच डॉ. हिरालाल जैन यांनी कारंजा येथील शास्त्रभांडारांतील अपभ्रंश ग्रंथ उजेडात आणले आणि कारंजा जैन ग्रंथमालेतून महाकवी पुष्पदंतांच्या काव्यांना अभ्यासकांच्या जगात स्थान मिळाले. श्वेतांबर परंपरेतही हेच घडले. मुनिश्री पुण्यविजयजींनी पाटण आणि जेसलमेर येथील ज्ञानभांडारांची सूची व व्यवस्था लावण्यात आयुष्य वेचले. अहमदाबादचे गिरणीमालक शेठ कस्तूरभाई लालभाई यांनी लालभाई दलपतभाई भारतीय विद्यामंदिराची स्थापना केली, तेव्हा मुनिश्रींनी आपला सुमारे दहा हजार हस्तलिखितांचा संग्रह त्या संस्थेला दिला. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या साधूने ज्ञानाचाही परिग्रह ठेवला नाही. तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणे सांगताना 'निह्नव' आणि 'मात्सर्य' यांचा निर्देश आहे. निह्नव म्हणजे जाणलेले ज्ञान लपविणे आणि मात्सर्य म्हणजे पात्र माणसालाही ते न देणे. लोकशाही राष्ट्रे जी गोष्ट विसाव्या शतकात कायद्याने शिकली, ती आपल्या आचार्यांनी कर्मसिद्धांताच्या भाषेत कितीतरी आधी सांगून ठेवली आहे.

आता हा विचार आपल्या दारापर्यंत आणावा लागेल.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचे शासकीय दप्तर भंडाऱ्याच्या नावाने आहे. १९५६ पूर्वी हा प्रदेश जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. म्हणजे या भागाचा इतिहास शोधणाऱ्याला शासकीय कागद एका जागी मिळत नाहीत. भाताच्या गिरण्या, तेंदूपत्ता, विडी-उद्योग, धान्य व कापडाचा व्यापार, रेल्वेने आलेली कुटुंबे यांची बारीकसारीक नोंद कोठे असेल, तर ती जुन्या पेढ्यांच्या वह्यांत आणि समाजाच्या संस्थांच्या दप्तरात. मोडी, गुजराती, मारवाडी वळणाची महाजनी लिपी अशा निरनिराळ्या लिपींत लिहिलेल्या या वह्या वाचू शकणारे वृद्धजन आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. घर पाडून नवीन बांधताना माळ्यावरचे गाठोडे रद्दीच्या भावाने जाते. किलोला मिळणारे चार पैसे दिसतात, जे गेले त्याची किंमत कोणत्याच खात्यात लागत नाही.

यासाठी लाखो रुपयांची इमारत प्रथम लागते असे नाही. प्रथम लागते ती सूची. ट्रस्टच्या इतिवृत्ताच्या वह्या, देणगीच्या पावत्यांची स्थळप्रत, चातुर्मासाच्या नोंदी, निमंत्रणपत्रिका, पूज्य साधु-साध्वींची पत्रे, जीर्णोद्धाराचे नकाशे यांची क्रमांकवार यादी करावी. छायाचित्रातील व्यक्तींची नावे ओळखणारी पिढी आहे तोवर ती नरम पेन्सिलीने मागे लिहून घ्यावीत, कारण दहा वर्षांनी ती नावे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. ज्या कुटुंबांना आपले कागद देणे जड वाटते, त्यांच्याकडून ते छायाचित्रणापुरते घ्यावेत आणि मूळ प्रत सन्मानाने परत करावी. महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाचे शंभर खंड १९५८ ते १९९४ या काळात सिद्ध झाले, तेही ठिकठिकाणच्या लोकांनी आपल्याजवळची पत्रे नकलेसाठी दिली म्हणून. कौटुंबिक वा नाजूक मजकूर असल्यास ठरावीक वर्षांची मुदत लिहून तो राखून ठेवावा, पण मुदत लिहिल्याशिवाय कुलूप लावू नये. जुन्या हस्तलिखितांसाठी शासनाचेही साहाय्य आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ साली सुरू झाले आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहिमेची घोषणा झाली.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. पन्नास वर्षांच्या वाटचालीत मतभेद झालेच नाहीत, अशी संस्था पृथ्वीतलावर नसेल. जागेवरून, निवडणुकीवरून, खर्चावरून वाद होतात आणि ते इतिवृत्तात उतरतात. अशी पाने गाळून गौरवग्रंथ काढण्याचा मोह होतो. या बाबतीत हिशेबाचा जुना दंडक मार्गदर्शक ठरावा. वहीत चुकीची रक्कम पडली तर जाणता मुनीम पान फाडीत नाही. आधीचा आकडा वाचता येईल अशा बेताने रेघ मारतो आणि उलट नोंद करतो. पान फाटलेल्या वहीवर कोणताही हिशेब तपासनीस विश्वास ठेवत नाही. पुढील पिढी ही आपली हिशेब तपासनीसच आहे. शिवाय वादातील दोन्ही बाजू जपून ठेवणे ही अनेकांताची कसोटी आहे. आज ज्यांचे म्हणणे बहुमताने फेटाळले गेले, त्यांच्या बोलण्यात सत्याचा कोणता अंश होता, हे पन्नास वर्षांनी अधिक स्पष्ट दिसू शकते.

खुले करण्यासाठी दिवसही शोधावे लागत नाहीत. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आणि श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी साजरी होते. ग्रंथ बाहेर काढावेत, धूळ झटकावी, वेष्टने बदलावीत, ही या दिवसांची मूळ रीत. त्या दोन दिवशी ट्रस्टचा संग्रह एखाद्या दालनात मांडून सर्वांसाठी खुला ठेवता येईल. त्यात दोन्ही परंपरांची घरे एकत्र येतील आणि शहरातील सर्व समाजांच्या शाळांतील मुले येतील. निवृत्तीनंतर अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन आपल्या ग्रंथालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांशी स्वतः बोलत असत. आपल्याकडील ज्येष्ठांनीही त्या दोन दिवशी वहीजवळ बसून मुलांना एक पान वाचून दाखवावे. मंदिराच्या पायाभरणीला एक रुपया देणाऱ्या माणसाचे नाव त्याच्या पणतूने स्वतःच्या डोळ्यांनी वाचले, तर धर्मसंस्थेशी असलेले नाते त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

संस्थापकांनी संस्था उभी केली तेव्हा नोंद ठेवली, कारण ते दुसऱ्यांच्या पैशाचे विश्वस्त होते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यानुसार जमाखर्चाचा हिशेब दरवर्षी द्यावा लागतो. इतिहासाचा हिशेब मागणारे कार्यालय कोठेही नाही, म्हणून तो देण्याची जबाबदारी अधिक मोठी आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात विश्वस्त मंडळाने दप्तराची सूची करण्याचा ठराव करावा, त्यासाठी दोन जाणते ज्येष्ठ आणि चार तरुण नेमावेत आणि येत्या ज्ञानपंचमीला पहिले कपाट सर्वांसमक्ष उघडावे, ही नम्र विनंती.